दहापैकी किती दुखतंय

माझ्या बायकोने एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. त्यामुळे दवाखान्यात पहिल्यांदा जेव्हा तिला विचारलं गेलं की शून्य ते दहापैकी किती दुखतंय, तेव्हा तिने उत्तर द्यायच्या आधी प्रश्नच तपासायला घेतला.

“शून्य म्हणजे अजिबात नाही, ते कळलं,” ती म्हणाली. “दहा म्हणजे किती?”

“तुम्हाला कल्पना करता येईल तितकं जास्तीत जास्त,” तरुण डॉक्टर म्हणाला.

“माझी कल्पना कुठवर जाते ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. आज दहा सांगितलं आणि उद्या याहून जास्त दुखलं, तर मी कुठे जाऊ?”

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. ती खुर्चीत एका बाजूला कलून बसली होती, कारण सरळ बसलं की कमरेच्या वर कोणीतरी पान्याने नट आवळतंय असं तिला वाटायचं. तिच्या वरच्या ओठावर घाम होता.

“साडेसहा लिहा,” ती शेवटी म्हणाली. “पण हे फक्त तुमचा रकाना भरायला.”

बाहेर आल्यावर मी हळूच विचारलं, “खरं किती?”

“खरं सांगता येण्यासारखं असतं तर सांगितलं नसतं का,” ती म्हणाली, आणि दहा पावलांवर भिंतीला हात टेकून उभी राहिली. मी तिच्या शेजारी भिंतीला हात टेकून उभा राहिलो. आमच्या मागून येणाऱ्या एका आजोबांना वाटलं की इथे काही रांग आहे. तेही हात टेकून उभे राहिले. ते तिच्या लक्षात आलं आणि ती हसायला लागली. हसली की तिला जास्त दुखायचं, त्यामुळे हसता हसता तिचा चेहरा पिळवटला आणि तरीही हसू थांबेना. त्या वर्षात आमचं असंच होत राहिलं. दुखणं आणि हसू एकमेकांच्या हातात हात घालून यायची आणि मला कुणाचा हात आधी सोडवावा ते कळायचं नाही.

थोडं मागचं सांगतो. मी मूळचा राजापूरकडचा. वसई पूर्वेच्या एका कारखान्यात सुपरवायझर होतो. आमची जागा नालासोपाऱ्याला तुळिंजमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ती जवळच्याच वटार गावची. तिच्या माहेरी केळी, नारळ, पानवेली आणि मोगऱ्याची वाडी. आमची एकुलती मुलगी नोकरीला बंगळुरात. सात वर्षांपूर्वी बायकोला स्तनाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, केस गेले, केस आले, आणि आम्ही ते प्रकरण संपलं असं समजून फाइल कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाकली. सात वर्षांनी तो मणक्यात सापडला. या वेळी डॉक्टर बरं होण्याबद्दल काही बोलले नाहीत. तिने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे उत्तर ठरलेलं आहे. आता फक्त पायऱ्या लिहायच्या.”

पायऱ्या या शब्दावरून आठवलं. तिला शेक द्यायला, म्हणजे मणक्यावर रेडिएशन द्यायला, दहा दिवस न्यायचं होतं. तिला जिना उतरवायचा कसा हा प्रश्न होता. तळमजल्यावरचे एक गृहस्थ माझ्याच वयाचे, रोज सकाळी व्यायाम करणारे. ते आणि मी मिळून तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली न्यायचं ठरलं. ते पुढे, उलटे उतरत, मी मागे. पहिल्या दिवशी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आम्ही पोचलो आणि खालून एक नवा कोरा फ्रिज वर आला. दोन माणसं तो पट्ट्याने पाठीला बांधून आणत होती. वळणावर आमची आणि फ्रिजची गाठ पडली. आम्हाला मागे जाता येईना, त्यांना खाली जाता येईना. फ्रिजची मालकीणबाई वरून कठड्यावरून वाकून विचारत होत्या, “आधी कोण येतंय?”

“पेशंट को पहले जाने दो,” फ्रिजखालून आवाज आला.

“नको,” माझी बायको म्हणाली. “फ्रिजला वॉरंटी आहे. त्याला आधी जाऊ द्या.”

व्यायाम करणाऱ्या गृहस्थांना हे ऐकून हसू फुटलं आणि त्यांच्या हातातली ताकद गेली. खुर्ची झुकली. ती कळवळली. त्याच श्वासात तिने सूचना द्यायला सुरुवात केली: फ्रिज भिंतीला टेकवा, खुर्ची कोपऱ्यात फिरवा, अजून, अजून, आता काटकोन झाला, आता तुम्ही वर या. फळ्यासमोर उभं असल्यासारखा आवाज. फ्रिजवाल्या दोघांनी मुकाट ऐकलं. फ्रिज तिच्या गुडघ्यांना घासून वर गेला. आम्ही तिघं तिथेच जिन्यात बसून हसत राहिलो, इतके की दुसऱ्या मजल्यावरच्यांनी दार उघडून पाहिलं.

मग रिक्षात बसलो. पहिल्या गतिरोधकाला ती रडायला लागली. मोठ्याने नाही. डोळ्यांतून नुसतं पाणी. रिक्षावाल्याला मी हळू चालवायला सांगत होतो आणि तो बिचारा चालत असल्यासारखा चालवत होता. तरी प्रत्येक खड्डा तिच्या मणक्यात उतरत होता. आपल्या शेजारी, मांडीला मांडी लावून बसलेलं माणूस अशा जागी असतं जिथे आपल्याला शिरायला दारच नसतं, हे मला त्या रिक्षात कळलं.

शेक संपला. थोडा उतार पडला आणि मग दुखणं दुप्पट होऊन परत आलं. ते दिवसभर असायचं, पण दुपारी चार वाजता त्याचा जोर वाढायचा. का चारच, ते कुणाला सांगता आलं नाही. आमच्याकडे महापालिकेचं पाणीही चारलाच यायचं. त्यामुळे एकीकडे पिंप भरायचं आणि एकीकडे तिच्याजवळ बसायचं अशी माझी धावपळ. आधी ती वाक्याच्या मधेच थांबायची. मग तिची नजर खोलीतून निघून जायची. डोळे उघडे, पण त्यांना मी दिसायचो नाही. मग चादरीचा स्पर्श नको, पंख्याचा वारा नको, फोडणीचा वास नको. मी पलंगाच्या कडेला बसलो तर गादी दबते, ती दबलेली नको. म्हणून मी उभा राहायचो. कधी कधी माझं उभं राहणंही तिला टोचायचं, मग मी दाराबाहेर.

आणखी एक गोष्ट. दुखणं फार झालं की तिचं शाळेतलं मराठी सुटायचं आणि ती वटारच्या घरच्या बोलीत बोलायला लागायची. एवढी वर्षं संसार करून मला ती बोली निम्मीच कळत होती. माहेरची माणसं जमली की ती तशी बोलायची आणि मी जावयासारखा हसत बसायचो. आता तीच बोली दुखण्याच्या तोंडची झाली. एकदा ती काहीतरी मागत होती. मी पाणी आणलं. नाही. उशी आणली. नाही. खिडकी उघडली. नाही. गरम पाण्याची पिशवी, रेडिओ, देवाचा अंगारा, सगळं आणलं. शेवटी तिने डोळे मिटले, श्वास घेतला आणि अगदी शुद्ध मराठीत म्हणाली, “कृपया आपण माझ्या पायावरून उठावं.”

मी तिच्या पायाच्या बोटांवर टेकलो होतो. मी उठलो, ती हसली, कण्हली, “हसवू नका हो, मणका हलतो,” म्हणाली, आणि मी तोंडात रुमाल कोंबून स्वयंपाकघरात पळालो.

असं सांगितलं म्हणजे सगळं गमतीत चाललं होतं असं वाटेल. तसं नव्हतं. एका दुपारी ती मला म्हणाली, “मला हे सहन होत नाही. मला मारून टाका.” रडून नाही, ओरडून नाही. भाजी आणा सांगावं तसं. मी “हो” म्हणालो. का म्हणालो ते आजही कळत नाही. मग मी आत गेलो आणि उपमा करायला घेतला. कांदा चिरला, मिरच्या चिरल्या, रवा भाजायला टाकला. रवा परतता परतता माझ्या पोटातून काहीतरी वर आलं. मला वाटलं हुंदका. ते हसू होतं. मी कढईसमोर उभा राहून हसत होतो, उलथनं हातात, आणि थांबता येत नव्हतं.

“काय झालं?” आतून तिने विचारलं.

“रवा करपला.”

“मग दुसरा घ्या.”

त्या दिवशी मी मनात म्हटलं की हे लवकर संपू दे. आधी म्हटलं, तिच्यासाठी संपू दे. पण मी स्वतःशी खोटं बोलू शकलो नाही. मला माझ्यासाठी संपायला हवं होतं. हे कळल्यावर मी बाथरूममध्ये गेलो, नळ पूर्ण सोडला, टॉवेल तोंडावर दाबला आणि ओरडलो. बरं वाटलं. मग रोजच, पाणी आलं की, मी एकदा बाथरूममध्ये जाऊन ओरडून यायचो आणि चेहरा पुसून विचारायचो, “चहा ठेवू?” तीही दात आवळून म्हणायची, “ठेवा ना. आलं घाला.”

या सगळ्यात वटारहून वहिनी आल्या. वहिनी म्हणजे बायकोच्या मोठ्या भावाची बायको. त्यांनी केळफूल, शहाळी आणि ओंजळभर मोगरा आणला होता. दारात चप्पल काढून त्यांनी नणंदेकडे पाहिलं आणि मोगरा माझ्या हातात तसाच ठेवून मला गॅलरीत नेलं.

“भावोजी, हे असं किती दिवस?”

“तीन आठवडे.”

“आणि तुम्ही दोघं काय परीक्षा देताय?”

त्यांच्या ओळखीत एका घरी असाच आजारी माणूस होता. त्यांच्याकडे एक डॉक्टरीणबाई घरी यायची. “ती आजार घालवत नाही,” वहिनी म्हणाल्या. “दुखणं घालवते. नंबर आहे माझ्याकडे, आत्ताच लावते.”

दोन दिवसांनी त्या डॉक्टरीणबाई आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, खांद्याला पिशवी. तीन जिने चढून आल्यामुळे आधी पाणी प्यायल्या आणि पलंगाजवळ जमिनीवरच बसल्या, त्यामुळे गादी दबली नाही. माझ्या बायकोने आपणहून सांगून टाकलं, “साडेसहा.”

“ते राहू दे,” त्या म्हणाल्या. “दुखत नसतं तर आत्ता या घडीला काय केलं असतं तुम्ही?”

तिने आपल्या पायांकडे पाहिलं. मला वाटलं मुलीकडे जायचं म्हणेल.

“पाय धुतले असते,” ती म्हणाली. “स्वतःचे, स्वतःच्या हाताने. दोन महिने हे धुतात. घोट्याच्या मागे यांचा हात जातच नाही.”

डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. मग त्या माझ्याकडे वळल्या. “आणि तुम्हाला काय सहन होत नाही?”

“मला? मला काय झालंय.”

“ते मी नाही विचारलं.”

मला अशी कुणी विचारणा केली नव्हती. मी म्हणणार होतो की काही नाही. पण तोंडातून निघालं, “ती चहा मागते ते. दात आवळून, आलं घाला म्हणते. ती ओरडली तर मला चालेल. पण ती माझ्यासाठी थोपवून धरते ना, ते नाही सहन होत.”

बायको माझ्याकडे बघत राहिली. “मला नकोच असतो चहा,” ती म्हणाली. “तुम्हाला काहीतरी करायला मिळावं म्हणून मागते. तुम्ही एवढे घाबरलेले दिसता.”

“मी कुठे घाबरलेला दिसतो? मी बाथरूममध्ये जाऊन ओरडून येतो, म्हणून मग दिसत नाही.”

“ते तुम्ही असता? मला वाटायचं पाइपात हवा भरते. मी मुलीला फोनवर सांगितलं, प्लंबर बोलवायला हवा.”

वहिनी पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळल्या. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. बायको तर हसत, कण्हत, पोट धरत म्हणत होती, “अहो, खरंच सांगितलं मी तिला.” आणि मी त्या सगळ्यांच्या मधे उभा राहून, गेले तीन आठवडे मी एकटाच या घरात राहत होतो आणि तीही एकटीच राहत होती, हे समजून घेत होतो. दोघंही एकमेकांसाठी शहाण्यासारखे वागत होतो. त्या शहाणपणानेच आम्ही अर्धे मेलो होतो.

डॉक्टरीणबाईंनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या.

“अफू?” बायकोने विचारलं.

“तिच्याच घराण्यातली. दर चार तासांनी, घड्याळ लावून. दुखायची वाट बघायची नाही. दुखणं यायच्या आधी गोळी पोचली पाहिजे.”

“झिंग येईल?”

“बहुतेकांना नुसती झोप येते. आणि पोट साफ होत नाही, त्याचं औषध मी वेगळं देते, ते चुकवायचं नाही. ते चुकवलंत तर दहापैकी किती हे तुम्ही मला स्वतः फोन करून सांगाल.”

पहिले दोन दिवस ती बरीचशी झोपून होती. तिसऱ्या दिवशी जेवली, केस विंचरून घेतले, आणि पावणेचार वाजता आम्ही दोघं तयार होऊन बसलो. म्हणजे खरंच तयार. मी खिडकीचा पडदा ओढला, पंखा बंद केला, चादर बाजूला केली, दाराजवळ उभा राहिलो. चार वाजले. सव्वाचार. तिने पाय जरा हलवून पाहिला. “येत नाहीये,” ती कुजबुजली, जणू मोठ्याने बोललं तर ते ऐकून येईल.

“थोडं थांबू,” मी म्हणालो.

साडेचार. आम्ही एकमेकांकडे बघत होतो. तेवढ्यात तिने पाय आखडून घेतला आणि म्हणाली, “अहो, ओलं काय लागतंय?”

पिंप भरून वाहत होतं. मी त्याला विसरलोच होतो. पाणी स्वयंपाकघरातून निघून हॉलमध्ये आणि हॉलमधून आमच्या खोलीत शांतपणे शिरत होतं. चादरीची एक बाजू जमिनीवर लोंबत होती, त्या बाजूने ओल वर तिच्या पायापर्यंत चढली होती. माझी एक चप्पल पलंगाखालून तरंगत बाहेर आली. ती त्या चपलेकडे बघून हसायला लागली. मी सवयीने म्हणालो, “हसू नको, मणका.” ती म्हणाली, “नाही दुखत.” आणि पुन्हा हसली, आता मुद्दाम, तपासून पाहण्यासाठी. हा हा हा. “नाही दुखत हो.” मी पाण्यात उभा राहून तिच्याबरोबर हसत होतो. खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडून सांगत होतं की तुमचं पाणी गॅलरीतून आमच्या कपड्यांवर पडतंय. नळ बंद करायला जावंसं वाटेना. त्या दुपारी तिने मुलीला फोन केला, दोन सहकारी शिक्षिकांना केला, माझ्याकडून खालून वडापाव आणवला आणि अर्धा खाल्ला. मला वाटतं आमच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा आम्ही इतके खुळ्यासारखे वागलो नसू.

मी डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं की ही झिंग आहे का. त्या म्हणाल्या, “तिला गोळीची असेल कदाचित थोडी. पण तुम्ही तर गोळी घेतली नाहीत ना?”

पुढच्या रविवारी आम्ही तिला वटारला नेलं. मेहुण्यांचा केळी वाहायचा टेम्पो होता. त्यात त्यांनी केळीच्या पानांचा थर, त्यावर दोन गाद्या अशी व्यवस्था केली. ती आडवी, मी आणि वहिनी दोन बाजूंना. रेल्वेच्या पुलावरून पश्चिमेला उतरलो, निर्मळच्या तळ्यावरून पुढे गेलो. जो रस्ता रिक्षात तिला मारत होता, तसाच हाही होता. पण आता ती प्रत्येक गतिरोधकाला गुण देत होती. “हा चार. हा सहा. हा नगरसेवकाच्या घरासमोरचा दिसतो, याला नऊ.” दहा गुण मात्र तिने कुणालाही दिले नाहीत.

वाडीत मधोमध बावखल आहे. बावखल म्हणजे झाडांना पाणी द्यायला पूर्वीच्यांनी खणलेलं तळं. आजूबाजूची बरीचशी बुजवून त्यांवर इमारती झाल्या, हे राहिलंय. त्याला दगडी पायऱ्या आहेत. वाकायची तिला बंदी होती. म्हणून मेहुण्यांनी आणि मी तिला धरून पाण्याला लागून असलेल्या पायरीवर बसवलं, आणि तिने एका पायाने दुसऱ्या पायाची टाच घासली. मग दुसऱ्याने पहिल्याची. घोट्याच्या मागेसुद्धा. वहिनींनी साबण दिला, तो तिच्या हातातून निसटून बावखलात गेला.

“पुन्हा बुडवलंत,” वहिनी म्हणाल्या, आणि दोघींना हसू आवरेना.

वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा दहावी नापास होत्या. माझी बायको तेव्हा कॉलेजात. याच पायऱ्यांवर बसून तिने वहिनींचं बीजगणित करून घेतलं होतं आणि परीक्षेच्या आधी आठ दिवस सोडवलेल्या गणितांची वही पाण्यात पाडली होती. वहिनी तरीही अडतीस गुणांनी पास झाल्या. “पस्तीस लागतात,” तेव्हा नणंदेने त्यांना सांगितलं होतं, “तीन फुकट घालवलेस.” वहिनींनी हे मला ऐकवलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि खांदे हलत होते. मला वाटतं, हसण्याचं की रडण्याचं ते त्यांनाही ठरवायचं नव्हतं.

संध्याकाळी परत निघायची वेळ आली. ती म्हणाली, “मी इथेच राहू?” ती सात आठवडे तिथेच राहिली, आणि तिच्याबरोबर मीही. मुलगी रजा घेऊन आली.

ते सात आठवडे सगळे सुखाचे होते असं म्हणणार नाही. तिला कधी भिंतीवर मुंग्या दिसायच्या, तिथे नसलेल्या. गोळीचं प्रमाण दोनदा वाढवावं लागलं. आणि एका सकाळी, काही कारण नसताना, दुखणं गोळीला न जुमानता उसळलं. डॉक्टरीणबाईंचा फोन लागेपर्यंत आणि त्यांनी सांगितलेली जादा गोळी चढेपर्यंत दोन तास गेले. या वेळी तिने थोपवून धरलं नाही. ती ओरडली. माहेरच्या बोलीत, वाडीभर ऐकू जाईल असं. वहिनींनी तिचा हात धरला. कुंपणापलीकडच्या ख्रिस्ती शेजारीणबाई हातातला विळा टाकून धावत आल्या. त्यांची आणि हिची घरची बोली एकच. त्यांनी हिचे पाय धरले, आणि ही जे जे ओरडेल त्याला त्या त्याच बोलीत “हो गं, हो,” करत राहिल्या.

मी न राहवून विचारलं, “काय म्हणतेय ती?”

“शिव्या देते.”

“मला?”

“तुम्हाला नाय. मणक्याला.” मग जरा ऐकून म्हणाल्या, “आता एक तुम्हाला होती. पण छोटी.”

दाराशी उभ्या असलेल्या मुलीच्या तोंडून फिसकन हसू निघालं आणि तिने लगेच तोंडावर हात धरला. मी तिला खूण केली, असू दे. दुखणं असह्य होतं, आणि त्या खोलीत ते पाचजणांत असह्य होतं. मला त्याचा फरक जाणवत होता. तिला जाणवत होता का ते नाही सांगता येणार. दुखणं उतरल्यावर तिने फक्त एवढं विचारलं, “फार मोठ्याने ओरडत होते का मी?”

“दहापैकी दहा,” मी म्हणालो.

“हे बरोबर दिलंत,” ती म्हणाली आणि झोपली.

त्यानंतर एकोणीस दिवसांनी ती गेली. सकाळी दहाची गोळी तिला गिळता येत नव्हती, म्हणून डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं होतं. श्वासांमध्ये अंतर पडत गेलं. मुलगी एका बाजूला, मी एका बाजूला, गादीवर दोघंही अगदी दाबून बसलेलो. वहिनी पायाशी. कपाळावर एकही आठी नव्हती. मी तिच्या कपाळाकडेच बघत होतो, कारण गेले कित्येक महिने मी ते बघूनच दिवस कसा जाणार ते ठरवत होतो.

दहावं-बारावं झाल्यावर उरलेल्या गोळ्या परत करायला मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. असल्या गोळ्या घरी ठेवून चालत नाही. गोळ्या देऊन झाल्यावर मी उठेना. मग मी त्यांना करपलेल्या रव्याच्या दिवसाबद्दल सांगितलं. ती मारून टाका म्हणाली ते, मी हो म्हणालो ते, आणि मी मनात काय मागितलं ते.

त्यांनी मला “तसं काही नसतं” वगैरे म्हटलं नाही. म्हणाल्या, “हे मला प्रत्येक घरात कुणीतरी सांगतं. बहुतेक गेटपाशी, मी निघाल्यावर. तुम्ही बसून सांगितलंत.” मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “आणि तुम्ही त्यानंतर दुसरा रवा घेतलात ना? उपमा केलात?”

“केला. तिने दोन घास खाल्ले. मीठ कमी म्हणाली.”

बाहेर पडलो तर ऊन कललं होतं. रिक्षा मिळेना म्हणून मोकळ्या मैदानातून चालत निघालो. तिथे एक साठीच्या बाई स्कूटर शिकत होत्या, पंजाबी ड्रेस, डोक्याला नवरोबांचं मोठं हेल्मेट. त्या नेमक्या माझ्या रोखाने यायला लागल्या. मी डावीकडे झालो, त्याही डावीकडे. मी उजवीकडे, त्याही. “बाजूला व्हा हो, मला वळता येत नाही अजून,” त्या अगदी समजुतीच्या स्वरात सांगत होत्या. मी शेवटी बांधावरून उडी मारली आणि गुडघाभर चिखलात उतरलो. त्या वीस फुटांवर जाऊन आपोआप थांबल्या, मागे वळल्या आणि विचारलं, “लागलं का?”

“नाही,” मी म्हणालो. मी खरोखर तपासून पाहिलं. कुठेच काही लागलं नव्हतं.

घरी मुलीने दार उघडलं, माझ्या पँटकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं, डावीकडे-उजवीकडे करून दाखवलं. ती दाराच्या चौकटीला टेकून हसत खाली बसली, आणि मी चिखलाचे पाय घेऊन तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसलो.